वही माझी, हात वहिनीचे

हे प्रकरण मी तीन वेळा टाळलं. पहिल्यांदा लिहायला बसलो तेव्हा गेस्ट हाऊसच्या नोकरीवर दोन पानं लिहून एकदम लग्नावर उडी मारली. दुसऱ्यांदा वहिनीचं नाव आलं आणि मी तळ्यातल्या मासोळ्यांची माहिती लिहीत बसलो. तिसऱ्यांदा तर साफ खोटं लिहिलं. मागच्या एका प्रकरणात वाचकांनी वाचलं असेल की स्वयंपाकातल्या इंग्रजी शब्दांची ती वही मी 'घरात निरीक्षण करून' तयार केली. निवृत्तीच्या समारंभातही मी हेच बोललो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते वाक्य मी खोडणार नाही. तिथेच राहू दे, म्हणजे हे पान वाचताना कुणाला माझी कीव येणार नाही.

आमचं गाव भद्रावतीपासून एस.टी.नं अर्ध्या तासावर, मोठ्या तळ्याच्या काठाशी. तळ्यात मासोळी धरायची, पाऊस पडला की धान लावायचं, उरलेल्या दिवसांत मिळेल ते काम करायचं, असं आमच्या लोकांचं चालत आलेलं. वडील मी शाळेत असतानाच गेले. थोरला भाऊ हौशी, तबला चांगला वाजवायचा. एका हिवाळ्यात वडशाच्या नाटक कंपनीबरोबर गावोगाव वाजवायला म्हणून गेला आणि हंगाम संपल्यावर बाकीचे आले, तो आला नाही. त्याच्या मागं घरात राहिलो आई, मी, वहिनी आणि वहिनीची चार वर्षांची सुमी. भाऊ का गेला याचा शोध आईनं घरातल्या घरात लावून टाकला होता. "बायको धड असती तं मानूस घरी राह्यला असता," असं ती विहिरीवर, बाजारात आणि ताटावर बसल्यावर सारख्याच आवाजात म्हणायची. वहिनीचं नाव इंदू. ते घेणारा भाऊ गेला, मग घरात कुणी घेतलं नाही. गावात दीर वहिनीला 'तुमी' म्हणतो. मीही म्हणायचो. भाऊ गेल्यावर एका दिवशी 'तू' म्हणून पाहिलं, कुणी टोकलं नाही, तेव्हा तेच चालू ठेवलं.

त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. सकाळी उखळात मुसळाचा धप्प, धप्प. मग पाट्यावर वरवंटा ओढल्याची घरघर. दुपारी आई तळ्यावरून टोपली घेऊन आली की राखेचा वास आणि मासोळीची खवलं निघतानाची करकर. मासोळी हातातून निसटू नये म्हणून वहिनी तिला चुलीतली राख चोळायची आणि पावशीवर बसायची. पावशी म्हणजे तुमच्याकडची विळी. लाकडाच्या पाटावर उभं पातं, पाटावर उजवा पाय दाबून ठेवायचा, आणि दोन्ही हातांनी वस्तू पात्याकडे न्यायची. पातं हलत नाही, हात हलतात. हे वाक्य नीट लक्षात ठेवावं, पुढं त्याचं काम आहे. वहिनीचे हात पावशीवर असे चालत की बघणाऱ्याला वाटावं, पातं मासोळीला नुसतं विचारतंय आणि मासोळी आपणहून उघडतेय. मरळीचं पोट ती एका ओढीत फाडायची, आतलं पित्त कधी फुटलं नाही. तिच्या हातचा तो काळसर, लाखोळीच्या डाळीचं पीठ लावून दाट केलेला रस्सा मी आजतागायत कुठं खाल्ला नाही. तेव्हा मात्र मी एकदाही चांगला झाला म्हणालो नाही.

मला भद्रावतीच्या अलीकडे एका कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये कोठीवर, म्हणजे किराणा-सामानाच्या हिशेबावर, नोकरी लागली होती. बाहेरगावचे इंजिनिअर यायचे, कधी परदेशीही. गेस्ट हाऊस एक मॅडम सांभाळायच्या. त्यांनी मला एक इंग्रजी पुस्तिका दिली आणि तिच्यातले शब्द मराठी अर्थासह वहीत उतरवून स्वयंपाक्यांना शिकवायला सांगितलं. बेचाळीस शब्द होते. मी बी.ए.ला इंग्रजी घेऊन कसाबसा पास झालेला, स्पेलिंग मला येत होती. पण डिक्शनरीत चॉपला 'कापणे', स्लाइसला 'कापणे', डाइसलाही 'कापणे'. मिन्सला 'बारीक कापणे'. पाउंड, क्रश, ग्राइंड तिन्हींना 'दळणे, कुटणे'. जन्मात चुलीजवळ न बसलेल्या माणसाला यातलं काय कळणार? मी वही घेऊन घरी आलो आणि वहिनीपुढं बसलो. पुस्तिकेत लहान लहान चित्रं होती, ती तिला दाखवली.

तिनं चित्र डोळ्याजवळ नेलं, दूर नेलं. "कुटनं अन् वाटनं एकच म्हनते का तुमचं पुस्तक?" ती म्हणाली. "मुसळ वरून पडते, ते हे. वरवंटा ओढते, ते हे. अन् हे तिसरं म्हनजे लसून. त्याले नुसता ठेचा दिला का झालं, त्याचा जीव नाई घ्याचा." मी लिहिलं. पाउंड, ग्राइंड, क्रश. मग तिनं कांदा घेतला आणि एकाच कांद्याचे जाडे तुकडे, चकत्या आणि चौकोनी फोडी असे तीन प्रकार करून पाटावर तीन ढीग मांडले. सांबार, म्हणजे कोथिंबीर, इतकी बारीक केली की ढीग ओला हिरवा दिसायला लागला. "हे तुमचं मिन्स. जिभेले लागलं पाहिजे, दिसलं नाई पाहिजे." पिठाला मळणं आणि पिठाला हलकेच वरखाली करणं यातला फरक तिनं सुमीची गोधडी घडी करून दाखवला. पंधरा दिवसांत बेचाळीस शब्द झाले. वहीतलं अक्षर माझं होतं. बाकी सगळं तिचं होतं. मॅडमनी वही वाचून विचारलं, "इतना डिटेल में किसने बताया?" मी म्हणालो, "मैंने ही, घर में देख-देखकर." इतकं सोपं होतं ते. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

वहिनीला मात्र शब्द लागले होते. पावशीवर बसली की स्वतःशीच म्हणायची, स्केल, गट, स्लाइस, म्हणजे खवलं काढ, पोट साफ कर, काप. आईच्या ते कानावर गेलं. "इंग्लिश मॅडम झाली बाप्पा आमची सून," आई म्हणाली, "नवरा ठेवता आला नाई, शबद ठेवून राह्यली." मी हसलो. मग खेळ सुरू झाला. तो आईनं नाही, मीच काढला, हे आज कबूल करतो. दिवेलागणीला जेवायला बसलो की मी एक शब्द फेकायचा. वहिनीनं उठून ती कृती करून दाखवायची, भाजी असेल तर भाजीवर, काही नसेल तर नुसत्या हातांनी. बरोबर आलं तर तिच्या ताटात मासोळीचा तुकडा. चुकलं तर नुसता रस्सा आणि भात. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. "म्हना ना भाऊ, कठीन म्हना!" आणि मी कठीण शब्द काढायचो. ती चुकत नसे. मग मी दोन शब्द जोडून म्हणायचो, तीन म्हणायचो, भरभर म्हणायचो, मग मुद्दाम वहीत नसलेला शब्द म्हणायचो. ती भांबावून हात वर उचलायची, ते तसेच अधांतरी राहायचे. "गेला तुकडा!" आई म्हणायची आणि तो तुकडा माझ्या ताटात पडायचा. मी तो खायचो. चवीत काही फरक जाणवायचा नाही.

एका दिवशी सुमीनं आपल्या ताटातला तुकडा उचलून वहिनीच्या भाताखाली लपवला. मी पाहिलं आणि सगळ्यांना सांगितलं.

त्याच वर्षी दिवाळीच्या आसपास गेस्ट हाऊसमध्ये स्वयंपाकाला एक बाई हवी झाली. नोकरी कायमची, आणि मागच्या बाजूला राहायला खोली. मॅडमची एकच अट होती, इंग्रजीत सांगितलेलं काम समजलं पाहिजे. मी ते घरी सांगायला नको होतं, पण बढाई मारायच्या नादात बोलून गेलो. वहिनी त्या वेळी तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं.

"भाऊजी, मले घेऊन चला," ती म्हणाली. "सुमीले तिथल्या शाळेत टाकता येईन. तुमाले दोष नाई येऊ देनार मी. एकडाव त्याइले माहे हात तं दाखवा."

त्या घरात राहायला आल्यापासून तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मी आईकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तळ्यावर जाळं धूत असताना आई मला म्हणाली, "ती गेली तं घर कोन पायनार? मी आता कुठवरी वाकू?"

"मंग नाई म्हनतो तिले."

"नाई म्हनू नको. लोकं नावं ठेवतीन, पोरगी घेऊन कष्ट करून राह्यली बिचारी अन् सासूनं अडवलं म्हनून. घेऊन जाय. अन् परत आन."

आई एवढंच बोलली. उपाय मी शोधला. त्या स्वयंपाकघरात कुणी खाली बसत नसे. ओट्याशी उभं राहून, पांढऱ्या पाटीवर, सुरीनं सगळं कापायचं. अन्नाच्या कामात पाय आणलेला मॅडमना खपणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. हे सगळं वहिनीला सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मॅडमनी बोलावलेल्या दिवसापर्यंत तिच्या हातात पंधरा दिवस होते, घरात सुरी नव्हती पण भद्रावतीच्या बाजारातून मी आणू शकलो असतो, आणि तिचे हात पाहता आठ दिवसांत तिनं तिथल्या स्वयंपाक्याला मागं टाकलं असतं. मी सांगितलं नाही. नुसतं गप्प बसलो असतो तरी पुरलं असतं, पण मी पुढं जाऊन म्हणालो, "वहिनी, तुही पावशी घेऊन चाल. सोताचं हत्यार असलं का कामाचा मानूस दिसते." तिला ते इतकं पटलं की तिनं चिंच आणि राख लावून पावशी घासली, पात्यात तोंड दिसायला लागलं. मग सुमीच्या जुन्या फ्रॉकमध्ये ती गुंडाळली. एस.टी.त ती मांडीवर घेऊन बसली, लेकरू घ्यावं तशी, आणि ओठ हलत होते. बेचाळीसच्या बेचाळीस शब्द ती म्हणून घेत होती.

स्वयंपाकघरात मॅडम होत्या, म्हातारा मुख्य स्वयंपाकी होता आणि दाराशी मी. मॅडमनी कांद्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "डाइस." वहिनीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. शब्द ओळखीचा निघाला होता. परक्या जागी आपल्या माणसाचा आवाज यावा तशी ती हसली, चटकन खाली बसली, फ्रॉक सोडला, पावशी मांडली, आणि पाटावर उजवा पाय ठेवला.

स्वयंपाकी आधी हसला. "अरे, ये तो पाँव से पकाएगी!" मॅडम हसल्या नाहीत, दोन पावलं मागं सरल्या. "पाँव लगाकर? यहाँ साहब लोग खाते हैं," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "तुमने इसको कुछ बताया नहीं?"

मी म्हणालो, "बताया था मॅडम. गाँव की औरतें, कितना भी बोलो."

वहिनीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग उठली, पावशी भिंतीशी सरकवली, लुगड्याला हात पुसले आणि म्हणाली, "उभ्यानं करतो मॅडम. द्या सुरी."

तिनं सुरी धरली. पण तिचे हात वीस वर्षं एकच गोष्ट शिकले होते, की पातं जागेवर असतं आणि आपण वस्तू त्याच्याकडे न्यायची. सुरी तिनं मुठीत घट्ट उभी धरली आणि डाव्या हातानं कांदा जोरात तिच्यावर नेला. पहिल्या वेळी कांदा कापला गेला. दुसऱ्या वेळी सुरी कांद्यातून निघून तळव्यात गेली. पांढऱ्या पाटीवर लाल पसरलं. ती थांबली नाही. मॅडम ओरडल्या, "इनफ! इनफ!" हा शब्द माझ्या वहीत नव्हता. तिला वाटलं, हीही एखादी कृतीच असणार, आपण शिकायची राहिलेली. ती माझ्याकडे बघत राहिली, मी अर्थ सांगेन म्हणून, आणि कांदा सुरीवर नेतच राहिली. शेवटी स्वयंपाक्यानं तिचं मनगट धरलं.

परतीच्या एस.टी.त तिचा हात त्याच फ्रॉकमध्ये गुंडाळलेला होता आणि पावशी उघडीच माझ्या पायाशी पडली होती. आमचं गाव यायला दोन थांबे उरले तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी, तुमचं नाक कापलं मी. तुमी सांगतलं होतं म्हनता. माह्याच ध्यानात नाई राह्यलं असन."

हे वाक्य मी तीस वर्षांहून जास्त काळ उलटसुलट करून पाहिलं आहे. तिला खरंच वाटलं का, की मी सांगितलं होतं? सासू, शेजारी आणि मी, सगळे मिळून तिला रोज चुकीची ठरवत होतो. तिचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वासही गेला असेल, हे अशक्य नाही. की तिला सगळं कळलं होतं आणि खरं बोलायला ती मला एक फट ठेवत होती? काहीही असो, मी म्हणालो, "जाऊ दे, होते असं." म्हणजे मी तिला क्षमा केली.

घरी आईनं फडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि भात वाढायला घेतला. शेजारणी दारात आल्याच होत्या. "भाऊ, आज कोनता शबद?" कुणीतरी म्हणालं. मी गप्प राहिलो असतो तर चाललं असतं. मी म्हणालो, "चॉप." आणि ती उठली. उजवा पाय पावशीच्या पाटावर ठेवला आणि एका हातानं भोपळा पात्याकडे न्यायला लागली. दारातल्या बायका मात्र त्या दिवशी हसल्या नाहीत. एकेक करून निघून गेल्या. तेव्हापासून खेळ बंद झाला, पण तो त्यांनी बंद केला, मी नाही.

तळवा भरून आला, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुन्हा कधी पूर्ण मिटलं नाही. राख लावली तरी मासोळी त्या हातातून निसटायची, आणि निसटली की आई बोलायची. मी पुढं कोठीप्रमुख झालो. माझी वही टाइप करून, काचेत बसवून, ओट्याच्या वर भिंतीला लावली गेली. खाली माझं नाव होतं. सुमी शिकली, नर्स झाली, वडशाला नोकरीला लागली आणि पहिल्याच महिन्यात येऊन वहिनीला घेऊन गेली. जाताना वहिनी माझ्या आईच्या पाया पडली. पावशी तेवढी बरोबर नेली.

निवृत्तीच्या समारंभातल्या टाळ्या काही केल्या कानातून जाईनात, म्हणून त्या हिवाळ्यात मी मूळ वही पिशवीत टाकून वडशाला गेलो. स्टेशनाबाहेर भिंतीभिंतीवर नाटकांची पोस्टरं लागलेली. सुमीच्या घरी स्वच्छ ओटा होता, गॅस होता, आणि ओट्याच्या खाली जमिनीवर वहिनी पावशी मांडून बसली होती. केस पांढरे, तीच दोन बोटं ताठ. "या भाऊजी. बसा. आंग सुकलं तुमचं," ती म्हणाली. वही पाहिल्यावर लहान मुलीसारखी हसली. "आजून आहे का हे? म्हना बरं एखादा." मी म्हणालो, नाही, राहू दे. ती ऐकेना. मग मी एकेक शब्द म्हणत गेलो आणि ती एकेक दाखवत गेली, सुमीची मुलगी टाळ्या पिटत होती. बेचाळीसच्या बेचाळीस. एकही चुकली नाही.

मी घरून एक वाक्य पाठ करून आलो होतो. जेवणं झाली की म्हणायचं ठरवलं. तिनं मरळीचा रस्सा केला होता, तोच, लाखोळीचं पीठ लावलेला. माझ्या ताटात तीन तुकडे वाढले. स्वतःच्या ताटात भात आणि नुसता रस्सा घेतला.

"वहिनी, तुकडा नाई घेत तू?"

"मी नाई घेत," ती म्हणाली. "लय वर्षं झाले. आता आवडतच नाई."

सुमी माझ्याकडे पाहत होती. तिला आठवत होतं. मी पाणी मागितलं, पाणी प्यालो, गाडीची वेळ झाली म्हणालो आणि उठलो. वहिनी दारापर्यंत आली, वही हातात देत म्हणाली, "जपून ठेवा, तुमच्या मेहनतीची आहे." त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती गेली. सुमीनं कळवलं ते तिसऱ्या दिवसानंतर.

पाठ केलेलं वाक्य अजून पाठ आहे. ते असं होतं:

वहिनी, त्या दिवशी तुमी इसरल्या नवत्या. मी सांगतलंच नवतं. तिथं उभ्यानं कापतात हे मले माहीत होतं, पावशी घ्याले मीच लावली, तुमी जाऊ नये म्हनून. वही तुमची आहे. मले माफ करा, अन् आता तरी मासोळीचा एक तुकडा ताटात घ्या.